कणा मोडण्याची कला

१७ मे १९६३ च्या रात्री न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन ह्या सुप्रसिद्ध क्रीडागृहात ब्रूनो सामार्तिनो ह्या इटलीत जन्मलेल्या मल्लाने बडी रॉजर्स ह्या तत्कालीन विजेत्याला उचलून खांद्यावर उताणे टाकले, दोन्ही हातांनी त्याचे शरीर खाली दाबून त्याची पाठ उलट्या दिशेने वाकवली, आणि घंटा झाल्यापासून अवघ्या ४८ सेकंदांत रॉजर्सने हार कबूल केल्यामुळे जागतिक अजिंक्यपदाचा किताब एका हातातून दुसऱ्या हातात गेला. पुढे १८ जानेवारी १९७१ पर्यंत, म्हणजे २,८०३ दिवस, तो सामार्तिनोकडेच राहिला. त्या किताबाच्या इतिहासात इतका दीर्घ अंमल दुसऱ्या कोणी सलगपणे केल्याचा दाखला नाही. त्या रात्री रॉजर्सचा कणा मोडला नव्हता, आणि किताबाचे हस्तांतर करावयाचे हे खेळाच्या चालकांनी आधीच मुकरर केलेले होते. तरीही एका माणसाची पाठ मोडता मोडता वाचली अशी तिथे जमलेल्या प्रेक्षकांची मनोमन खात्री पटली, आणि अशी खात्री पटविता येणे हीच ह्या व्यवसायाची खरी मिळकत होय.

आपल्याकडील मातीच्या कुस्तीत पाठीचे स्थान निराळे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेल्या खासबाग मैदानात असो की एखाद्या गावच्या जत्रेतील फडात असो, प्रतिस्पर्धी चीत झाला, त्याची पाठ जमिनीला लागली, की कुस्तीचा फैसला झाला. पाठ ही तेथे केवळ हद्दीची खूण असते आणि तिला इजा करण्याचे काही प्रयोजन नसते. व्यावसायिक कुस्तीत, म्हणजे दारासिंग आणि किंगकाँग ह्यांच्या झुंजींमुळे मुंबईकरांनी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर ‘फ्री-स्टाइल’ ह्या नावाने जिचा परिचय करून घेतला त्या प्रकारात, खांदे टेकवून जिंकण्याच्या मार्गाबरोबरच प्रतिस्पर्ध्याला असह्य पकडीत धरून त्याच्या तोंडून हार वदवून घेण्याचा दुसरा मार्गही मान्य आहे. आणि ह्या दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यास पाठीसारखे सोयीचे लक्ष्य नाही. निकाल ठरलेला असतो म्हणून पुष्कळ लोक तिला नुरा कुस्ती ठरवून मोकळे होतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कुस्ती-कंपनीने तर १९८९ साली, क्रीडा-नियंत्रण मंडळाची देखरेख आणि तिच्यापाठोपाठ येणारा कर टळावा म्हणून, न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपला धंदा करमणुकीचा असल्याची कबुली देऊन टाकली. परंतु निकाल लटका असला तरी सव्वाशे-सव्वाशे किलोंचे देह लटके नसतात, आणि त्यांना खाली खेचणारे गुरुत्वाकर्षण कोणत्याही चालकाचा हुकूम मानीत नाही. त्यामुळे पाठीवरच्या डावांचा विचार करावयाचा तर प्रेक्षकाला काय दिसते, प्रत्यक्षात काय घडते, आणि ह्या दोहोंमधील अंतर कोण आणि कसे सांभाळतो, असे तीन प्रश्न एकत्र विचारावे लागतात.

प्रथम, पाठच का? मानेचे सात, छातीमागचे बारा आणि कमरेचे पाच अशा २४ सुट्या मणक्यांचा आपला कणा खाली माकडहाडाच्या भागाला जाऊन मिळतो. लगतच्या मणक्यांमध्ये लवचिक गाद्या असतात आणि त्या सर्वांच्या मागून, हाडांच्या बोगद्यातून, मज्जारज्जू उतरतो. पुढे वाकण्यास ही रचना बरीच मोकळीक देते. मागे वाकताना मात्र मणक्यांच्या पाठीमागील हाडे लवकरच एकमेकांना भिडतात आणि शरीर ‘आता पुरे’ असा इशारा देते. पाठीवरचे बहुतेक डाव ह्याच इशाऱ्याच्या सीमेवर खेळले जातात. शिवाय रंगभूमीच्या दृष्टीने पाठीचे दोन विशेष लाभ आहेत. उलटी वाकलेली मानवी आकृती सभागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही स्पष्ट दिसते, जे पिरगाळलेल्या बोटाच्या किंवा मनगटाच्या बाबतीत शक्य नाही. आणि प्रेक्षकांपैकी कोणी आयुष्यात कधी लाथ खाल्ली नसली तरी पाठदुखीने एखादी रात्र काढलेली नाही असा प्रौढ मनुष्य विरळा, त्यामुळे रिंगमधील मल्लाने कमरेवर हात ठेवून डोळे मिटले की त्याला काय होत आहे ह्याचा खुलासा कोणाला करावा लागत नाही.

ह्या डावांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात: उचलून आपटण्याचे, जमिनीवर जखडण्याचे आणि उभ्याने आवळण्याचे. पहिल्या वर्गाचा प्रमुख म्हणजे बॅकब्रेकर. ह्यात मल्ल प्रतिस्पर्ध्याला आडवे उचलतो, स्वतः एका गुडघ्यावर बसतो आणि दुसऱ्या पायाची मांडी पुढे आडवी धरून तिच्यावर त्याची पाठ आदळवतो. ज्याला कुस्तीशी काही कर्तव्य नाही अशा वाचकालाही हे चित्र परिचित असण्याचा संभव आहे, कारण १९९३ साली ‘बॅटमॅन’ ह्या चित्रकथामालेत बेन नामक खलनायकाने नायकाला असेच गुडघ्यावर आपटून त्याचा कणा मोडल्याचे दाखविले, आणि नायकाचे संपूर्ण पतन एका चौकटीत सांगण्यासाठी चित्रकारांना ह्याहून बोलका आविर्भाव सापडला नाही. रिंगमध्ये मात्र आपटणाऱ्याचे हात खाली येताना प्रतिस्पर्ध्याच्या मानेखाली आणि गुडघ्यांखाली शेवटपर्यंत राहतात, पडणाऱ्या देहाचा बराचसा भार त्या हातांवर आणि जमिनीत रोवलेल्या पावलावर जातो, आणि मांडीला जो भाग लागतो तो नाजूक कंबर नसून शक्यतो तिच्या वरचा रुंद, स्नायुमय भाग असतो. जो आवाज ऐकून प्रेक्षक शहारतात तो हाडांचा नसून फळ्यांवर पडलेल्या पावलाचा असतो.

दुसरा वर्ग अधिक समृद्ध आहे. बॉस्टन क्रॅब ह्या डावात पालथ्या पडलेल्या प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही पाय काखेत धरून मल्ल त्याच्याकडे पाठ करून बसतो आणि पाय मागे ओढीत त्याची कंबर वर वळवितो. एकच पाय धरला तर त्याला अर्धा क्रॅब म्हणतात. बसणारा खरोखरच सर्व भाराने बसला तर खालच्याची धडगत नाही, म्हणून तो आपले वजन स्वतःच्या पावलांवर तोलून, बसल्यासारखा दिसेल अशा बेताने अधांतरी राहतो, आणि खालचा मनुष्य कोपरांवर भार घेऊन आपल्या कण्याचा बाक किती असावा हे बऱ्याच अंशी स्वतःच ठरवितो. मेक्सिकोतील रीतो रोमेरो ह्या मल्लाच्या नावाशी निगडित असलेल्या डावात तर आक्रमक स्वतः उताणा पडून, प्रतिस्पर्ध्याच्या मांड्यांत पाय अडकवून आणि त्याचे दोन्ही हात मागून धरून, त्याला छताकडे तोंड केलेल्या अवस्थेत हवेत उचलून धरतो. पाहणाऱ्याला हा क्रौर्याचा कळस वाटतो, पण वरच्याने तोल सांभाळून सहकार्य केल्यावाचून तो एक क्षणही टिकणार नाही, आणि त्यात आक्रमकाचेच खांदे जमिनीला टेकत असल्यामुळे रेफरी कधी कधी त्याच्यावरच मोजणी सुरू करतो.

उभ्याने आवळण्याच्या वर्गात बेअर हग येतो. समोरून कमरेला मिठी घालून आवळीत राहणे एवढेच ह्या डावाचे बाह्य रूप. त्याचे मूळ मात्र खऱ्या कुस्तीत आहे, कारण ग्रीको-रोमन पद्धतीत कमरेची पकड हीच उचलफेकीची पहिली पायरी असते. जॉर्ज हॅकेनश्मिट ह्या रशियन साम्राज्यातून आलेल्या मल्लाने ३० जानेवारी १९०४ रोजी लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात तुर्की मल्ल अहमद मद्राली ह्याला असेच उचलून फेकले तेव्हा मद्रालीचा हात कोपरात निखळला, आणि ती झुंज मिनिटभरही चालली नाही. आजचा बेअर हग त्याच्या नेमका उलट, वेळ काढणारा डाव आहे: त्यात दोघांना दम घेता येतो आणि चेहरे जवळ असल्यामुळे पुढे काय करावयाचे ह्याची कुजबुज करता येते. इटलीत जन्मून अर्जेंटिनामार्गे अमेरिकेत आलेल्या अँटोनिनो रोका ह्याने लोकप्रिय केलेला अर्जेंटाइन बॅकब्रेकर, ज्यात प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर उताणे आडवे घेऊन मानेकडून आणि पायांकडून खाली ओढतात, तोही ह्याच कुळातला.

पण पाठीवरच्या एखाद्या डावाने राजकीय इतिहासाशी नाते जोडले असेल तर ते कॅमल क्लचने. पालथ्या प्रतिस्पर्ध्याच्या कमरेवर स्वार होऊन, त्याचे हात आपल्या मांड्यांवर चढवून, त्याच्या हनुवटीखाली दोन्ही पंजे गुंफून मान मागे खेचावयाची अशी ही पकड. गोरी ग्वेरेरो ह्या मेक्सिकन मल्लाने ती शोधली असे मानतात, आणि एल सांतो ह्या मुखवटाधारी लोकनायकाने तिचा उपयोग केला. तेथे तिला घोडेस्वारीवरून नाव पडले होते. उत्तरेस आल्यावर घोड्याचा उंट झाला, कारण तेथे ती अरब शेखांच्या वेषात वावरणाऱ्या खलपुरुषांच्या हाती पडली, ज्यांपैकी ‘द शेख’ म्हणून गाजलेला एड फरहात हा वस्तुतः मिशिगन राज्यातच जन्मलेला गृहस्थ होता. त्यानंतर आला आयर्न शेख, म्हणजे खोसरो वझिरी. हा मात्र खरोखर इराणी आणि खरोखर मल्ल होता. हौशी कुस्तीत नाव मिळवून अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचा सहायक प्रशिक्षक म्हणून काम केलेल्या ह्या माणसाला, तेहरानमधील ओलीस-प्रकरणानंतरच्या अमेरिकेत, आपल्याच जन्मभूमीचा द्वेष्य प्रतिनिधी म्हणून उभे राहून उदरनिर्वाह करावा लागला.

२६ डिसेंबर १९८३ रोजी त्याने बॉब बॅकलंड ह्या विजेत्याला कॅमल क्लचमध्ये जखडले. बॅकलंड आधीच्या हल्ल्यात दुखावलेला आहे अशी कथा रचलेली होती. पण त्याने हार मानली नाही. रिंगबाहेर उभ्या असलेल्या आर्नोल्ड स्कालंड ह्या त्याच्या व्यवस्थापकाने, शिष्याची दशा न पाहवून, टॉवेल आत फेकला आणि किताब गेला. ह्या रचनेतील शहाणपण पाहण्यासारखे आहे: खांदे टेकले असते तर बॅकलंड दुर्बळ ठरला असता आणि तोंडाने हार कबूल केली असती तर भित्रा ठरला असता, परंतु पाठीवरच्या पकडीमुळे किताब जाऊनही अब्रू राहिली. चारच आठवड्यांनी, २३ जानेवारी १९८४ रोजी, हल्क होगन त्याच पकडीत सापडला, शेखला पाठीवर घेऊन उठला, त्याला कोपऱ्यातल्या खांबावर आदळून मोकळा झाला, आणि धावत येऊन त्याच्या गळ्यावर पाय टाकीत खाली बसण्याचा आपला लेग ड्रॉप हा डाव टाकून विजेता ठरला. आधी त्या पकडीची जरब बसविली नसती तर तिच्यातून सुटणाऱ्याला लोकांनी डोक्यावर घेतले नसते.

ह्यावरून ध्यानात येईल की पाठीवरचे डाव सुटे नसतात; ते एका दीर्घ वाक्यातील पदांप्रमाणे परस्परांशी अन्वित असतात. कुशल खलमल्ल झुंजीच्या आरंभी प्रतिस्पर्ध्याची कंबर हेरतो आणि पुढचा प्रत्येक प्रहार तेथेच करतो. मग नायक जेव्हा त्याला उचलू पाहतो तेव्हा त्याची कंबर दगा देते, आणि तो विव्हळून खाली बसतो. २९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधील पाँटियाक सिल्व्हरडोम येथे, ९३,१७३ प्रेक्षक जमल्याचा आकडा जाहीर झालेल्या आणि त्या आकड्याविषयी अद्याप वाद असलेल्या झुंजीत, होगनने प्रारंभीच महाकाय आंद्रेला उचलण्याचा प्रयत्न केला, त्याच्याखाली चिरडला गेला, नंतर बराच काळ कंबर धरून वावरला, आंद्रेच्या बेअर हगमध्ये दीर्घकाळ निश्चेष्ट लोंबला, आणि अखेरीस त्याच पाठीने आंद्रेला उचलून आपटले. कथेप्रमाणे पाठ दुखत होती ती होगनची. वस्तुस्थिती अशी होती की थोड्याच काळापूर्वी पाठीची शस्त्रक्रिया झाली होती ती आंद्रेची, आणि त्याच्या काळ्या पोशाखाखाली कमरेला आधारपट्टा बांधलेला होता. त्याच सुमारास चित्रित झालेल्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’ ह्या चित्रपटात सडपातळ नायिकेला हातांवर झेलणेही त्याला झेपत नव्हते, म्हणून तिला तारांच्या आधाराने तोलावे लागले. ज्याची पाठ खरी जायबंदी होती तो मल्ल, ज्याची पाठ जायबंदी असल्याचे सोंग होते त्या दुसऱ्याला आवळीत उभा होता, आणि सोंग वठावे ह्याची काळजी दोघेही घेत होते.

कधी कधी पकड खोटी आणि पराभव मात्र खरा असेही घडते. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियल येथे शॉन मायकल्सने ब्रेट हार्टला हार्टच्याच शार्पशूटर ह्या डावात, म्हणजे पाय एकमेकांत गुंफून बॉस्टन क्रॅबसारखी कंबर वाकविण्याच्या पकडीत धरले असता, हार्टने हार कबूल केलेली नसतानाही कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमॅहन ह्यांच्या आज्ञेने घंटा वाजविण्यात आली. कंपनी सोडून जाणाऱ्या हार्टकडून किताब काढून घेण्यासाठी त्याला अंधारात ठेवून केलेली ती तजवीज होती. हार्टच्या पाठीला त्या पकडीने काही झाले नाही. जे मोडले ते, प्रतिस्पर्ध्याच्या हाती देह सोपविताना मल्ल ज्याच्या भरवशावर असतो ते वचन.

आणि पाठ खरोखर मोडली ती कशाने? मायकल्सचेच उदाहरण घ्यावे. माँट्रियलनंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, १८ जानेवारी १९९८ रोजी, अंडरटेकरशी झालेल्या शवपेटीच्या झुंजीत तो रिंगच्या दोरांवरून बाहेर फेकला गेला आणि खाली ठेवलेल्या पेटीच्या कडेवर त्याची कंबर आदळली. ती एक नित्याची, हजारदा केलेली फेक होती. परंतु तिने मणक्यांतील गाद्या दुखावल्या, मार्चअखेरच्या झुंजीनंतर त्याला निवृत्ती पत्करावी लागली, आणि शस्त्रक्रिया होऊन, निवृत्तीनंतर चार वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, २५ ऑगस्ट २००२ रोजी, तो परतला. त्या पुनरागमनाच्या झुंजीत ट्रिपल एचने त्याच पाठीवर बॅकब्रेकरांचा वर्षाव केला, आणि प्रेक्षकांना तिचा इतिहास ठाऊक असल्यामुळे प्रत्येक आघाताला सभागृह कळवळले. खऱ्या इजेचे कथेत रूपांतर झाले होते, आणि ते करून दाखविणाऱ्या पाठीने पुढची जवळजवळ आठ वर्षे काम दिले.

सामार्तिनोची गोष्टही अशीच आहे. २६ एप्रिल १९७६ रोजी स्टॅन हॅन्सन ह्या तरुण मल्लाशी झुंजताना त्याची मान मोडली. ती मोडली एका साध्या बॉडी स्लॅममुळे, म्हणजे उचलून पाठीवर टाकण्याच्या प्राथमिक डावात झालेल्या चुकीमुळे. परंतु हॅन्सनच्या लॅरिएट ह्या बाहुप्रहाराने ती मोडली असे जाहीर करण्यात आले, कारण साध्या चुकीपेक्षा भयंकर प्रहाराची कीर्ती तिकीटखिडकीवर अधिक उपयोगी पडते. होगनने तर आपला कणा आपल्याच विजयी डावाने झिजविला: लेग ड्रॉप टाकताना दरवेळी उसळून माकडहाडावर बसावे लागते, आणि रात्रीमागून रात्री असे बसण्याची किंमत आपल्या पाठीने दिली असे, अनेक शस्त्रक्रिया झाल्यानंतर, तो स्वतःच सांगत असे. शेखच्या ज्या पकडीची जरब होती तिने कोणाचा कणा मोडला नाही. तिच्यावर मात करणाऱ्या डावाने मात करणाऱ्याचाच झिजविला.

ह्याचे कारण रिंगच्या घडणीत आहे. पोलादी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यांच्यावर पातळसे मऊ अस्तर आणि वर ताणलेले कापड, एवढाच त्या चौथऱ्याचा बंदोबस्त. फळ्या थोड्या लवतात आणि आवाज मोठा करतात, परंतु जमीन ती जमीनच. म्हणून नवशिक्याला सर्वांत आधी पडावयाला शिकवितात: हनुवटी छातीशी दाबावयाची, म्हणजे डोके आपटत नाही, हात बाजूंना पसरून तळव्यांनी जमिनीवर थाप मारावयाची, आणि पाठीचा वरचा रुंद भाग एकाच वेळी टेकवावयाचा, म्हणजे आघात एका मणक्यावर न एकवटता पसरतो. पसरतो, नाहीसा होत नाही. ज्या पडण्याकडे प्रेक्षक पाहतही नाहीत, जे प्रत्येक झुंजीत अनेकदा येते आणि ज्याच्यासाठी कोणी टाळी वाजवीत नाही, त्याचा हिशेब पाठीत साचत राहतो, तर ज्या पकडींच्या नुसत्या नावाने थरकाप व्हावा त्यांत दोन सावध माणसे एकमेकांचा भार वाटून घेत असतात.

म्हणूनच जपानमध्ये, न्यू जपान ह्या संस्थेच्या तालमीतून बाहेर पडणाऱ्या उमेदवारांबाबतचा शिरस्ता मला मार्मिक वाटतो. काळी चड्डी घातलेल्या, स्वतंत्र ख्याती नसलेल्या ह्या तरुणांनी दिमाखदार डाव वापरू नयेत असा दंडक आहे. त्यांच्या झुंजींचा निकाल वारंवार लागतो तो साध्या बॉस्टन क्रॅबवर. त्या डावात खालच्याला वेदना अशी रंगवावी लागते की रिकाम्या खुर्च्यांमध्ये विखुरलेल्या प्रेक्षकांनाही दोरापर्यंत सरपटण्याची त्याची धडपड आपली वाटावी, आणि वरच्याला क्रूर दिसत असताना आपला भार आपल्याच पावलांवर ठेवावा लागतो. पहिली गोष्ट साधली नाही तर मल्ल अप्रसिद्ध राहील, एवढेच. दुसरी साधली नाही तर त्याच्याशी झुंजावयास कोणी मनापासून तयार होणार नाही. पोस्टरवर पाठ मोडणारा म्हणून ज्याचे नाव झळकते त्याची पत त्याचे सहकारी मात्र एकाच मोजमापाने ठरवितात: त्याच्याशी झुंजलेला माणूस दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावी, पुन्हा कामावर उभा राहू शकला की नाही.